दोन सुतं

१९९६ सालच्या भाद्रपदात दिवे घाटात आमच्या ट्रकला मागून धडक बसली. कुणी मेलं नाही, कुणाचा हातपाय गेला नाही. त्यामुळं गावात ती गोष्ट चार दिवसांत मागं पडली. माझ्या डोक्यातनं मात्र ती अजून गेलेली नाही. घाटात जे झालं ते मी कधीच पचवलं. पाच महिन्यांनी आमच्या अंगणात जे झालं ते पचलं नाही.

गाडी टाटाची १२१०, १९८४चं मॉडेल. आबांनी जुनीच घेतली होती. आबा म्हणजे माझे वडील. निम्मी हयात दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आणि मग कर्ज काढून मालक. आटपाडी तालुक्यात तेव्हा टेंभूचं पाणी आलेलं नव्हतं. माणदेशातला पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. पण डाळिंब कमी पाण्यावर तग धरतं, म्हणून हळूहळू बागा वाढल्या होत्या आणि बागांबरोबर आबांचं भाडंही. दिघंची, म्हसवड, दहिवडी, फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड आणि मग दिवे घाट उतरून पुण्याचं मार्केट यार्ड. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजात. सुट्टी असली की किन्नर म्हणून जायचो.

पहाटे घाट उतरत होतो. दुसऱ्या गिअरात, हळू. खाली वडकीचे दिवे दिसत होते. मागनं हॉर्न वाजायला लागला आणि थांबेचना. आबांनी आरशात बघितलं आणि एवढंच म्हणाले, "त्याचा ब्रेक गेलाय. घट धर."

पुढं वळण होतं. आबा गाडी बाजूला काढू शकले असते. मागची गाडी आमच्या शेजारनं सुटली असती आणि त्या वळणावर तिचं काय झालं असतं ते सांगायला नको. आबांनी गाडी बाजूला काढली नाही. ते सीटवरनं अर्धे उठून ब्रेकवर उभे राहिले आणि मागचा दणका अंगावर घेतला. पहिला दणका, मग दुसरा, मग मागच्या गाडीचं सगळं वजन आमच्या पाठीवर. दोन्ही गाड्या एका गाडीच्या ब्रेकवर घासत घासत थांबल्या. ब्रेकच्या जळक्या वासानं केबिन भरली. मागचा ड्रायव्हर उतरला तो आबांच्या पाया पडला. त्याचे हात थांबत नव्हते.

सकाळी त्याचा मालक आला. माणूस भला होता. आमचा फाळका चेपला होता, हौद्याच्या मागच्या उजव्या कोपऱ्याची लाकडं मोडली होती, दिवे फुटले होते. आमचा विमा नुसता थर्ड पार्टीचा. पोलिसांत गेलं तर गाडी अडकून पडणार आणि डाळिंबं सडणार. रस्त्यातच तडजोड झाली. आठ हजार रुपये त्यानं रोख मोजून दिले आणि आबांनी कागदावर सही केली, की यापुढं काही मागणी नाही. दिसत होतं तेवढ्याचे पैसे त्यानं दिले. चासीकडं वाकून कुणी बघितलंच नाही. त्यानंही नाही, आम्हीही नाही.

महिन्याभरात हौदा नवा झाला. पण गाडी पहिल्यासारखी राहिली नव्हती. मागचे टायर एका अंगानं खायला लागले. प्रोपेलरचं सेंटर बेअरिंग दोनदा गेलं. दहिवडीच्या स्टँडवर एका ओळखीच्या ड्रायव्हरनं हटकलं, "आबा, मी म्हसवडपास्नं तुमच्या मागं हाय. गाडी खेकड्यावानी चालतीया की." परतीच्या पावसात चिखलाच्या रस्त्यावर आबांनी गाडी थांबवली आणि आम्ही दोघं मागं चालत जाऊन चाकोऱ्या बघितल्या. मागची चाकं पुढच्या चाकांच्या माग्यावर पडत नव्हती. वीतभर नव्हे, चार बोटं बाजूला. आबा बराच वेळ त्या चिखलाकडं बघत उभे राहिले.

मग चाचांचं गॅरेज. चाचा आबांचे जुने मित्र, दोघं एके काळी एकाच गाडीवर ड्रायव्हर आणि किन्नर होते. त्यांच्या गॅरेजात ना मोठी मशिनं ना काही. एक सिमेंटचा कोबा, ओळंबा, खडू आणि टेप. ट्रकची चासी म्हणजे शिडी समजा. दोन लांब पोलादी कड्या, त्यांना आडव्या कड्या रिवेटांनी जोडलेल्या. सगळी गाडी या शिडीवर बसते. चाचांनी दोन्ही कड्यांवरच्या ठरलेल्या जागांवरनं ओळंबा सोडून खाली कोब्यावर खुणा केल्या. गाडी ढकलून बाजूला काढली. आता जमिनीवर नुसत्या खडूच्या खुणा राहिल्या, म्हणजे चासीची सावलीच म्हणा. मग त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा टेप लावला. एक कर्ण, मग दुसरा कर्ण. शिडी काटकोनात असेल तर दोन्ही सारखे यायला हवेत. आले नाहीत. दहा सुतांचा फरक, म्हणजे सव्वा इंच. धडक उजव्या अंगाला बसली होती, तेव्हा उजवी कडी पुढं सरकली होती आणि चौकोनाचा पतंग झाला होता. मागचा आस तिच्याबरोबर वाकडा झाला होता, म्हणून गाडी खेकड्यासारखी.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. चाचांनी उजव्या कडीला मागच्या पाट्याच्या हँगरपाशी रॉकेल लावलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी चोळली. बघता बघता पांढऱ्यावर एक काळी बारीक रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. केसाएवढी चीर, बोटभर लांब. चाचा म्हणाले, "ही बघा, आबा. ही तुमची खरी धडक."

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. मी रोज हाताखाली होतो, म्हणून हे सगळं सांगू शकतो. आबांना घाई होती, ते म्हणाले, गॅसनं तापवून ओढा, लवकर होईल. चाचा ऐकले नाहीत. "तापवली की पोलाद मरतं. दिसायला सरळ, आतनं मऊ. थंडच ओढणार." साखळ्या आणि जॅक लावून ते कर्णावर ताण द्यायचे, रात्रभर तसाच ठेवायचे, सकाळी सोडून मोजायचे, परत ताणायचे. चिरेच्या टोकाला गोल भोक पाडलं, म्हणजे ती पुढं पळत नाही. मग चीर खरवडून वेल्डिंग. मग आतनं पोलादाची पट्टी. पट्टीची टोकं त्यांनी तिरकी कापली. मी विचारलं, सरळ का नाही? म्हणाले, "सरळ कापली की सगळं ओझं त्या एका रेघेवर येतं, आन् कडी तिथंच मोडती. तिरकी असली की ओझं हळूहळू उतरतं." बोल्ट कडीच्या उभ्या अंगाला मारले, वरच्या-खालच्या पट्टीला एकही भोक पाडू दिलं नाही.

शेवटी मोजलं तेव्हा दोन सुतांचा फरक राहिला होता. "आठ काढली," चाचा म्हणाले. "दोन राहिली. ती राहणार. आता नऊ टन भरायचं विसरा. साच्या वर न्हाई." आणि त्या पट्टीला त्यांनी तांबडा रेड ऑक्साईड लावला. बाकी चासी काळी होती. मी काळ्या रंगाचा डबा पुढं केला तर माझा हात धरला. "राहू दे तांबडं. पुढचा मिस्त्री खाली शिरला की त्याला दिसाय पायजे, हितं काय झालंय ते."

सहा टनांत भाडं परवडत नाही. हा हिशोब आमच्या भागातल्या कुणालाही समजेल. डिझेल तेवढंच, टोलनाक्याचं तेवढंच, हप्ता तेवढाच आणि माल दोन-तृतीयांश. वर आक्काचा साखरपुडा झालेला, वैशाखात लग्न. माघात आबांनी गाडी काढायचं ठरवलं. दलालानं सांगितलं, एक लाख चाळीस येतील. आबांनी दबक्या आवाजात विचारलं, चासीचं सांगितलं तर? दलाल हसला. "मग लाखाला बी कुणी हात लावणार न्हाई."

चाळीस हजार. आक्काचं लग्न एवढ्यातच बसणार होतं.

इथं माझ्या आज्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आबाच आम्हाला सांगायचे. खरसुंडीच्या जत्रेत आज्यानं खिलारी बैल विकायला नेला होता. चौसा, देखणा, शिंगं अशी की लोक थांबून बघायचे. पण त्याला खोड होती, ओढ्याच्या पाण्यात शिरला की बसायचा. गाडी ओढ्यात आणि बैल बसलेला. दलालानं रुमालाखाली आज्याची बोटं धरली, सौदा जुळत आला आणि आज्या मोठ्यानं बोलला, "पाण्यात बसतो बरं का." रुमाल बाजूला झाला, भाव पडला. आज्जी पुढं वर्षभर बोलत राहिली म्हणे. ही गोष्ट आबा अभिमानानं सांगायचे, आणि मला वाटायचं आपलं घराणं म्हणजे हे.

त्या माघात मी आबांना ती गोष्ट आठवून दिली. चिडले नाहीत. म्हणाले, "बैलाची खोड बैलाची व्हती, आरं. आन् बैल आपला व्हता. ही खोड मला दुसऱ्यानं लावली. मी त्याला वाचवला. त्यानं आठ हजार दिलं आन् गेला. चाचाचं बिल अठरा झालं. आता अजून चाळीस मीच सोसू? कशापायी?"

या प्रश्नाला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. नुकसान झालेलं असतं, ते हवेत विरत नाही, कुणाच्या तरी दारात त्याला बसावंच लागतं. ज्याची काही चूक नाही त्याच्याच दारात ते का बसावं? माझ्या वाचनातल्या मोठमोठ्या माणसांनी सत्य बोलावं असं सांगितलंय, पण सत्याचं बिल कुणी भरायचं यावर ते फारसे बोललेले नाहीत. आबांना कुठल्या पुस्तकाची गरज नव्हती. त्यांना समोर आक्का दिसत होती.

गिऱ्हाईक जत तालुक्यातलं निघालं. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा असेल. दहा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढून पहिली गाडी घेत होता. आबांचीच गोष्ट, नव्यानं. तो येणार त्याच्या आदल्या रात्री आबांनी मला काळ्या रंगाचा डबा आणून दिला. "चासीला हात मार." एवढंच म्हणाले. गाडी विकताना सगळेच रंग मारतात, त्यात काही नवल नाही. मी खाली शिरलो. आक्का बॅटरी धरून बसली होती. पुढनं मारत मारत मागं आलो आणि त्या तांबड्या पट्टीपाशी थांबलो.

आक्का म्हणाली, "हे तांबडं कशाला पुसतोस?"

मी म्हणालो, "गंजू नये म्हणून."

आणि रंगवलं. दोन हात मारले. तिरकी टोकं तेवढी हाताला लागत होती.

दुसऱ्या दिवशी त्या माणसानं विचारलं, "आबा, गाडीला काय लागलंबिगलं?" आबा म्हणाले, "मागं हौदा नवा केलाय. बघा की, फिरवून बघा." यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यानं फिरवली. रिकामी गाडी दोन सुतांत काय तिरकी दिसणार? पैसे मोजले, नारळ फोडला, आईनं गाडीला कुंकू लावलं. आम्हाला चहा पाजून तोच हसत गेला.

पुढं मी मास्तर झालो. एका वकील मित्राकडं बसलो असताना त्यानं करार कायद्यातली गंमत म्हणून एक उदाहरण दाखवलं. १८७२चा कायदा, कलम १७. एकानं लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढचं उदाहरण: घेणारी स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणं बापाचं कर्तव्य. मित्र हसत होता. मला हसू येईना. म्हणजे आपल्या लेकीला सांगायचं, दुसऱ्याच्या लेकाला नाही सांगितलं तरी चालतं! मी तेच कलम वर-खाली वाचलं. वर एक पोटकलम आहे: माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूक. म्हणजे नुसते गप्प राहिलेले आबा कदाचित त्या घोड्याच्या आडोशानं सुटले असते. अडकला असता तो ब्रश. आणि ब्रश माझ्या हातात होता.

पण किंमतीचं सोडा. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट हळूहळू वेगळी दिसायला लागली. चाळीस हजारांचं गप्प राहणं हे दोघांमधलं होतं, आबा आणि तो. बाजारात असं चालतं, घेणाराही डोळे उघडे ठेवून येतो. चाचांचं दुसरं वाक्य मात्र बाजारातलं नव्हतं. साच्या वर न्हाई. ते वाक्य त्या गाडीखाली झोपणाऱ्या किन्नरासाठी होतं, मालावर बसून जाणाऱ्या बायाबापड्यांसाठी होतं, आणि त्यांच्यातलं कुणी सौद्याला नव्हतं. ते वाक्य आम्ही गिळलं. मी पुष्कळदा मनात जुळवून बघितलं, की भाव न पाडता एवढंच सांगता आलं असतं का: "पाव्हणं, जुनी गाडी हाय, सा टनांच्या वर भरू नका." पण तो विचारणार, का? आणि त्या 'का'ला हौदा पुरला नसता. एक वाक्य ठेवायचं तर दुसरं झाकता येत नव्हतं. आबांना हे तेव्हाच कळलं असावं. त्यानंतर ते चाचांच्या गॅरेजवरनं कधी गेले नाहीत. पुढं भाड्याच्या गाडीवर होते तेव्हा पंक्चर काढायलासुद्धा पुढच्या फाट्यावर जायचे.

२००४च्या विधानसभेला माझी ड्युटी जत तालुक्यात लागली. मतदान संपवून पेट्या जमा केल्या... पेट्या म्हणतोय, तोवर यंत्रं आली होती, जीभ जुनी. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावात चौकशी केली. तो घरीच होता. ओळखलं त्यानं. बाज टाकली, चहा सांगितला. मी फार वळणं न घेता सांगून टाकलं. चासी, चीर, पट्टी, रंग, सगळं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मास्तर, मला दोन महिन्यांत कळलं व्हतं. भरल्यावर बुड फिरायची. खाली शिरलो, रंग खरवडला. तांबडं दिसलं."

"मग आला नाहीत कसे?"

"येऊन काय? तुमी म्हणला असता, बघून घेतली. आन् मी बघूनच घेतली व्हती." त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मला जास्त लागलं. "वरीसभर चालीवली. नऊ टनानंच चालीवली, हप्तं कसं फिटणार? मग अथणीकडच्या एका वीटभट्टीवाल्याला दिली."

मी विचारलं, "त्याला सांगितलंत?"

तो माझ्याकडं बघून हसला. अगदी साधं हसला. "तुमी कंचा रंग मारलावता?"

"काळा."

"मी बी काळाच मारला."

बायकोनं आणलेला चहा दोघांनी प्यायलो. निघताना त्यानं मला स्टँडपर्यंत मोटरसायकलवर सोडलं. मागं बसून मी मोजत होतो. घाटातल्या त्या गाडीचा ब्रेक का गेला, कुणी बघितला नाही, कुणी बदलला नाही, ते आम्हाला कळलं नाही. तिथनं तो दणका आमच्यावर आला, आमच्याकडनं या माणसाकडं, याच्याकडनं भट्टीवर. प्रत्येकानं मागनं घेतला आणि पुढं दिला. आणि अख्ख्या रांगेत एकाच माणसानं तो स्वतःच्या अंगावर घेऊन थांबवला होता. तो माणूस आबाच, पण घाटात. अंगणात नव्हे.

घरी आलो तेव्हा आबा सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. बियाणाच्या होत्या, म्हणून हातानं. मी जतला गेलो होतो आणि त्याला भेटलो, हे सांगितलं. त्याला कळलं होतं, हेही सांगितलं. आबांनी मान वर केली नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "किती भरायचा?"

"नऊ."

"मग टिकली म्हणायची."

"त्याच्याकडं टिकली. त्यानं पुढं दिली. वीटभट्टीवर."

आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती त्यांनी न फोडताच ढिगात टाकली.

"वीट लई जड असती," ते म्हणाले.